नाईक किती वर्षांत तयार होतो? पलटण दुप्पट करण्याचा हिशेब आणि आपलं बेळगाव

मराठी मुलखातल्या कित्येक गावांत चावडीच्या नाहीतर देवळाच्या भिंतीत एक लहानशी दगडी पाटी बसवलेली असते. या गावातून 1914 ते 1919 च्या महायुद्धाला इतके लोक गेले, त्यातले इतके कामी आले, एवढाच मजकूर. आपल्या मंडळात अशा पाट्यांचे फोटो बघताना मला एक गोष्ट खटकली. पाटीवर माणसांचा आकडा आहे, हुद्द्यांचा नाही. गावातून तीस पोरं गेली हे कळतं. पण त्या तीस पोरांना पुढं चालवणारे नाईक, हवालदार, जमादार सरकारनं आणले कुठून? शिपाई भरतीच्या मैदानावर मिळतो. हवालदार कुठल्या मैदानावर मिळतो?

प्रश्न साधा वाटतो, पण फौज किती वेगानं वाढू शकते याचं उत्तर त्यातच आहे. आणि बेळगावच्या कॅम्पात शंभरहून जास्त वर्षं मराठा रेजिमेंटचं केंद्र का आहे, त्याचंही बरंचसं उत्तर तिथंच सापडतं.

माझी नोकरी पाणीपुरवठ्याची. टाक्या, नळ, व्हॉल्व्ह यांचे हिशेब करण्यात उमेदीची वर्षं गेली. त्यामुळे हा प्रश्नही मला टाक्यांसारखाच दिसतो. एकावर एक ठेवलेल्या टाक्या समजा. सगळ्यात खाली शिपायांची मोठी टाकी, तिच्यावर नाईकांची, तिच्यावर हवालदारांची, आणि सगळ्यात वर सुभेदार-जमादारांची छोटी टाकी. पाणी फक्त खालून वर चढतं. हवालदाराच्या टाकीत बाहेरून पाणी ओतता येत नाही, ते नाईकाच्याच टाकीतून उपसावं लागतं. म्हणजे वर एक बादली हवी असेल तर खालच्या प्रत्येक टाकीतून एकेक बादली काढावी लागते. लक्षात ठेवण्यासारखं एवढंच.

आता पलटणीचा आकार. दुसऱ्या महायुद्धातल्या पायदळ पलटणीत चार रायफल कंपन्या, प्रत्येक कंपनीत तीन प्लाटून, प्रत्येक प्लाटूनमध्ये तीन सेक्शन. म्हणजे 4 कंपन्या, 12 प्लाटून, 36 सेक्शन. सेक्शन नाईकाकडे, प्लाटून बहुतेक जमादाराकडे किंवा सुभेदाराकडे. (शिवकालीन पायदळातही दहाच्या आसपास पाइकांवर एक नाईक असे. एका माणसाच्या आवाजात आणि नजरेत किती माणसं राहतात, हे माप तीनशे वर्षांत फारसं बदललेलं नाही.) शिवाय मुख्यालय, मोर्टार, वाहतूक, कोठार यांचे नाईक-हवालदार वेगळे.

हिशेबासाठी गोल आकडे घेऊ. हे माझे आकडे आहेत, कुठल्या एका पलटणीचे नव्हेत. सुभेदार-जमादार 20, हवालदार 48, नाईक 60, शिपाई साडेसहाशे. शांततेच्या काळात नाईक सरासरी पाच वर्षं नाईक राहतो असं धरलं, तर दरसाल नाईकाच्या 12 जागा मोकळ्या होतात. हवालदार सहा वर्षं राहतो धरलं, तर 8 जागा. वरच्या हुद्द्यावर आठ वर्षं धरली, तर अडीच. सूत्र शाळकरी आहे: जागा भागिले त्या हुद्द्यावरची सरासरी वर्षं. शांततेतला बढतीचा वेग असा ठरतो. माणूस किती लायक आहे यावर नव्हे, वरचा कधी घरी जातो यावर. पेन्शनीला निघालेल्या सुभेदाराच्या पार्टीत सगळ्यात खूश कोण असतो, ते कॅम्पात राहणाऱ्याला सांगायला नको.

आता हुकूम आला की वर्षभरात या पलटणीच्या दोन करा. निवृत्ती बंद, असंही धरू.

वरच्या टाकीत 20 नवे हवेत. ते 48 हवालदारांतून आले. हवालदारांच्या 48 नव्या जागा आणि वर गेलेल्या 20 रिकाम्या, मिळून 68 हवालदार हवेत. नाईक आहेत 60. म्हणजे पलटणीतला झाडून सगळा नाईक, लायक-नालायक न बघता, हवालदार केला तरी 8 कमीच! ते 8 शिपायाचे थेट हवालदार करायचे. आणि नाईकांची टाकी तर कोरडी. दोन पलटणींचे 120 नाईक नव्यानं शिपायांतून उचलायचे. एकूण 128 शिपाई एका वर्षात हुद्देदार झाले. शांततेत वर्षाला 12 होत होते. दहापटीहून जास्त वेग.

हा हिशेब पहिल्यांदा मांडला तेव्हा मला वाटलं कुठंतरी चूक आहे. मग ध्यानात आलं की 20, 48 आणि 60 यांची बेरीजच 128 आहे. नव्या पलटणीला जितके हुद्देदार लागतात, तितके शेवटी शिपायांच्याच टाकीतून निघतात, मधल्या टाक्यांतून ते फक्त पुढं सरकतात. सगळ्यात जास्त ताण सगळ्यात वरच्या हुद्द्यावर पडत नाही, खालच्या नाईकावर पडतो. लोकांना वाटतं युद्धात जनरल कमी पडतात. जनरल फार लागत नाहीत हो. कमी पडतो तो नाईक.

हा तक्ता मी मंडळात दाखवला तेव्हा आमच्याकडे नेहमी येणारे एक निवृत्त सुभेदार बराच वेळ गप्प बसले होते. मग म्हणाले, "काय ओ इंजिनिअर, तुमच्या टाकीत सगळं पाणी सारखंच की. आमच्यात तसं नसतंय." मी म्हटलं, "म्हणजे कसं, सुभेदारसाहेब?" तर म्हणाले, "फीत लावली की नाईक कागदावर होतोय. सेक्शनसाठी नाईक व्हायला एक पावसाळा, एक सराव आणि एक भांडण लागतंय. त्याच्या आधी पोरं त्याचं ऐकत नाहीत."

त्यांचं म्हणणं हिशेबात बसवलं तर मॉडेल सुधारतं. नवा हुद्देदार 'मुरायला' काही काळ लागतो असं धरा. आणि अट घाला की कुठल्याही पलटणीत निम्मे तरी हुद्देदार मुरलेले हवेत, म्हणजे प्रत्येक नव्या नाईकाच्या शेजारच्या सेक्शनला एक जुना असेल. मग फौज दुप्पट करण्याचा कमीत कमी काळ म्हणजे नेमका तो मुरण्याचा काळ. मुरायला दोन वर्षं लागत असतील तर सहा वर्षांत फौज आठपट होते, दीड वर्ष लागत असेल तर सोळापट. आता खरा आकडा बघा. 1939 साली हिंदी लष्कर दोन लाखांच्या आसपास होतं, 1945 साली सुमारे पंचवीस लाख. साडेबारापट. सरासरीनं दर वीसएक महिन्यांनी दुप्पट. म्हणजे सरासरी बघितली तर गाडी अगदी काठावरून गेली. पण वाढ सरासरीनं झाली नाही. मोठा जोर 1940 ते 1942 या काळात होता, आणि त्या काळात ही अट मोडली गेली. (पंचवीस लाखांत ड्रायव्हर, कारागीर, सप्लायवालेही आले, पायदळ तेवढ्या पटीनं वाढलं नाही, हेही सांगायला हवं.)

त्या काळच्या लष्करात यासाठी एक शब्द होता, 'मिल्किंग'. जुन्या पलटणीची धार काढायची आणि नव्या पलटणीला पाजायची. जुन्या पलटणीनं काही अधिकारी, काही सुभेदार-जमादार, काही हवालदार-नाईक नव्या पलटणीचा गाभा म्हणून द्यायचे. ऐकायला बरं वाटतं. पण कुठला पलटणप्रमुख आपला सर्वांत चांगला हवालदार स्वखुशीनं देईल? आणि हुकुमानं दिलाच, तर जुनी पलटणही तेवढी पातळ होते. 1941-42 च्या मलायातल्या हिंदी पलटणींच्या पराभवाची कारणं सांगताना इतिहासकार हे कारण हमखास सांगतात: अनुभवी हुद्देदार आधीच नव्या पलटणींसाठी काढून घेतलेले आणि जागी कच्ची पोरं.

आपल्या पलटणींना आणखी एक बंधन होतं. कंपन्या जात-प्रांताप्रमाणे बांधलेल्या असत. मराठा पलटणींत कोकणी मराठे, देशावरचे मराठे आणि दख्खनी मुसलमान अशा कंपन्या. बढतीही त्या-त्या यादीतच. म्हणजे माझी एक टाकी खरं तर तीन वेगळ्या टाक्या. एकीत पाणी जास्त झालं म्हणून दुसरीत सोडता येत नाही. पंजाबी पलटणीत दहा हवालदार जास्तीचे असले तरी मराठा कंपनीला त्यांचा उपयोग नाही. त्यात पढाईची परीक्षा, तीही रोमन लिपीतल्या उर्दूची. आपल्या चिकोडी-निपाणीकडच्या शेतकऱ्याच्या पोराला मराठी मोडकी येत असेल, कानडी बोलता येत असेल, आणि फितीसाठी शिकायची तिसरीच भाषा.

आता बेळगावकडे येऊ. पहिल्या महायुद्धाआधी प्रत्येक पलटण जवळपास स्वतःपुरती होती. भरती स्वतःची, राखीव माणसं स्वतःची, तीही बरीचशी वय झालेली. फार तर दोन-तीन पलटणी एकमेकींना जोडलेल्या. पलटणीत बारा-तेरा इंग्रज अधिकारी आणि सतराच्या आसपास देशी सुभेदार-जमादार. 1914 मध्ये लढाऊ सैन्य दीड लाखाच्या थोडं वर होतं, 1918 च्या शेवटी पावणेसहा लाखांच्या आसपास. त्यात मेसोपोटेमियात सहाव्या पुणे डिव्हिजनबरोबर 103, 110 आणि 117 या तीन मराठा पलटणी कुत-अल-अमाराच्या वेढ्यात सापडल्या आणि 29 एप्रिल 1916 रोजी डिव्हिजन शरण गेली. तीन पलटणींच्या सगळ्या टाक्या, वरपासून खालपर्यंत, एका दिवसात गेल्या. शिपाई पुन्हा भरती करता आले असते. पण त्या पलटणींचे हवालदार तुर्कांच्या कैदेत होते, आणि तिथून परत न आलेले पुष्कळ.

हा धडा घेऊनच 1922 ची पुनर्रचना झाली. पाच-सहा पलटणींची एक रेजिमेंट, आणि त्यातली एक पलटण फक्त प्रशिक्षणासाठी, लढाईसाठी नव्हे. 103, 105, 110, 116 आणि 117 या पलटणी पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीच्या अनुक्रमे पहिल्या ते पाचव्या झाल्या, आणि 114 मराठा ही दहावी, म्हणजे प्रशिक्षण पलटण, बेळगावला बसली. आजच्या मराठा सेंटरचं मूळ तेच.

शांततेच्या काळात दहावी पलटण म्हणजे खर्चच वाटणार. लढत नाही, सरहद्दीवर जात नाही, नुसते कवायती हवालदार ओरडत असतात. पण टाक्यांच्या भाषेत ती राखीव टाकी आहे. तिथला शिकवणारा प्रत्येक हवालदार म्हणजे गरजेपेक्षा जास्तीचा ठेवलेला हवालदार. युद्ध सुरू झालं की लढत्या पलटणींना हात न लावता आधी इथून गाभा देता येतो, आणि नवे नाईक पाची पलटणींसाठी एकाच साच्यात घडवता येतात. 1914 मध्ये नसलेली ही टाकी 1939 मध्ये होती. पुरेशी होती का? नव्हती. पण ती नसती तर सहाव्या मराठासारखी युद्धात उभी राहिलेली पलटण 1944 मध्ये जपान्यांसमोर आसाम-ब्रह्मदेश सरहद्दीवर, जुन्या चौथ्या मराठाच्याच ब्रिगेडमध्ये, तैनात करता आली असती असं मला वाटत नाही.

राखीव टाकीच नसेल तर काय होतं, त्याचं उदाहरणही बेळगावातच आहे, आणि ते मला जास्त महत्त्वाचं वाटतं. महार रेजिमेंटची पहिली पलटण ऑक्टोबर 1941 मध्ये बेळगावात उभी राहिली. एकेकाळी मुंबई लष्करात महार शिपाई-सुभेदारांची मोठी परंपरा होती, डॉ. आंबेडकरांचे वडील रामजी सकपाळ त्यातलेच सुभेदार. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी 'लढाऊ जाती'च्या सिद्धांतानं ही भरती बंद झाली. पहिल्या युद्धात माणसं कमी पडली तेव्हा 1917 मध्ये 111 महार ही पलटण उभी केली, आणि गरज संपताच 1921 पर्यंत मोडून टाकली. पुन्हा वीस वर्षं दार बंद. 1941 मध्ये बाबासाहेब संरक्षण सल्लागार समितीवर आले, त्यांनी जोर लावला आणि दार उघडलं.

शिपाई मिळायला अडचण नव्हती. पण हवालदार? 1921 साली जो पंचवीस वर्षांचा नाईक होता, तो 1941 साली पंचेचाळीसचा. त्याच्यानंतर एकही नाईक तयार झालेला नाही, कारण शिपाईच घेतला नाही. मधल्या दोन्ही टाक्या वीस वर्षं कोरड्या. भरतीबंदीचा अन्याय आपण नोकरीच्या भाषेत मोजतो, इतक्या लोकांना काम मिळालं नाही म्हणून. हुद्द्यांच्या हिशेबात तो फार मोठा दिसतो. एक वर्ष दार बंद ठेवलं की पाच-सहा वर्षांनंतरचे नाईक आणि बारा वर्षांनंतरचे हवालदार नाहीसे होतात, आणि दार उघडल्यावर ते लगेच परत येत नाहीत. अशा ठिकाणी ही पलटण उभी राहिली आणि टिकली. माझ्या मॉडेलप्रमाणे ते जमायला नको होतं. मॉडेलनं इथं मान खाली घालावी.

अधिकाऱ्यांचं थोडक्यात. शांततेत त्यांची बढती घड्याळावर चाले: कॅप्टन व्हायला साधारण नऊ वर्षं, मेजर अठरा, लेफ्टनंट कर्नल सव्वीस. हिंदी अधिकाऱ्यांसाठी तर टाकीला तोटीच बारीक. 1923 मध्ये आठ पलटणी हिंदीकरणासाठी निवडल्या, त्यात आपली पाचवी रॉयल मराठा होती. पण तिथं हिंदी अधिकारी प्लाटूनवर बसवल्यामुळे जमादार-सुभेदारांच्या जागाच आटायला लागल्या, म्हणजे अधिकाऱ्याला दार उघडताना हवालदाराचं बंद होत होतं. डेहराडूनची अकादमी 1932 ला सुरू झाली, दर सहामाहीला चाळीस मुलं, अडीच वर्षांचा अभ्यासक्रम. त्या चाळीसांतल्या पंधरा जागा फौजेतल्या हुद्देदारांसाठी होत्या, ही त्यातली चांगली गोष्ट. तरी युद्ध सुरू झालं तेव्हा हिंदी लढाऊ अधिकारी चारशेच्या आसपासच होते. मग अडीच वर्षांचे सहा महिने झाले, बेळगाव, बंगळूर आणि महूला ऑफिसर्स ट्रेनिंग स्कूल निघाली, आणि 1945 पर्यंत हा आकडा आठ हजारांच्या वर गेला. वीसपट.

एवढ्या वेगानं हुद्दे वाटायचे तर ते नंतर परत कसे घ्यायचे, याचीही सोय होती. हुद्दा पक्का एक, कामाचा दुसरा. आधी 'अ‍ॅक्टिंग', काही महिने टिकला तर 'टेंपररी', आणि त्यावर 'वॉर सब्स्टँटिव्ह', म्हणजे युद्धापुरता पक्का. माणूस अंगावर मेजरची निशाणी लावून फिरे आणि कागदावर लेफ्टनंटच असे. इंजिनिअर म्हणून मला ही युक्ती आवडते, पूर आल्यावर उघडायची ही जादाची झडप. माणूस म्हणून बघितलं तर युद्ध संपल्यावर तीच झडप उलटी फिरते. ज्यानं तीन वर्षं हवालदारकी केली तो गावात नाईक म्हणून परतू शकतो. 1962 नंतरही तेच झालं. चीनच्या युद्धानंतर लष्कर सव्वाआठ लाखांकडे न्यायचं ठरलं, हजारो तरुणांना इमर्जन्सी कमिशन दिलं, आणि 1960 च्या दशकाच्या उत्तरार्धात त्यातल्या अनेकांना मोकळं केलं. नागरी नोकऱ्यांत त्यांच्यासाठी जागा राखाव्या लागल्या.

हिशेबातली शेवटची गोष्ट नुकसानीची. सेक्शन कमांडर सगळ्यांत पुढं, म्हणून तोच आधी पडतो. माझ्या हिशेबातल्या चार पलटणी झाल्या की हुद्देदार 512. वर्षात चौथा हिस्सा मेले-जखमी झाले तर 128. म्हणजे फौज एका माणसानंही न वाढवता, नुसती आहे तेवढी टिकवायला दरसाल एका पूर्ण पलटणीचे हुद्देदार नव्यानं घडवायचे.

10 जुलै 1944 रोजी इटलीत टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात तिसऱ्या मराठाच्या एका सेक्शनवर मशीनगनचा मारा झाला. सेक्शन कमांडर सोडून सगळे मेले किंवा जखमी झाले. तो एकटा धावून गेला, बॉम्ब फेकून मशीनगन बंद पाडली, उरलेल्या शत्रूला मारलं आणि मग आडून झाडलेल्या गोळीनं पडला. रायगडकडचे नाईक यशवंत घाडगे. व्हिक्टोरिया क्रॉस मरणोत्तर. वय 22. शांततेच्या घड्याळाप्रमाणे बावीसाव्या वर्षी ते अजून शिपाई असते.

त्यांची पलटण ज्या दहाव्या डिव्हिजनमध्ये होती, तिचे जनरल डेनिस रीड हेच 1941 मध्ये केरेनच्या लढाईत तिसऱ्या मराठाचे कमांडिंग ऑफिसर होते. मध्ये काही काळ कैदेत काढूनही तीन वर्षांत पलटणीवरून डिव्हिजनवर. वरच्या टाकीतही पाणी असं धो धो चढत होतं.

मंडळाच्या वाचकांना एक विनंती. घरात आजोबा-पणजोबांचं डिस्चार्ज बुक असेल तर हुद्द्याआधी 'ए', 'टी' किंवा 'डब्ल्यू/एस' अशी अक्षरं दिसतात का ते बघा. ती वर सांगितलेल्या तीन प्रकारांची. भरतीची तारीख, पहिल्या फितीची तारीख आणि सुटतानाचा पक्का हुद्दा एवढ्या तीनच गोष्टी, नाव झाकून, मंडळाकडे कळवल्या तरी चालतील. निपाणी, चिकोडी, खानापूर, कागल या पट्ट्यातल्या चाळीसएक नोंदी जमल्या तर माझे गोल आकडे काढून टाकून खऱ्या वर्षांवर हा तक्ता पुन्हा मांडता येईल. सुभेदारसाहेबांनी स्वतःच्या तारखा दिल्यात. त्यांना नाईक व्हायला सात वर्षं लागली होती, आणि अजूनही ती थोडी जास्तच लागली असं त्यांचं म्हणणं आहे.